पकड कुणाच्या नावावर?

प्रो कबड्डीचा मोसम आला की पुण्याहून नातवाचा फोन ठरलेला. "आजोबा, चढाईवाले माझे ठरलेत. बचावाचं तुम्ही सांगा. डाव्या कोपऱ्यात कुणाला घेऊ?" एरवी फोनवर माझ्या तब्येतीची चौकशी दोन वाक्यांत आटपते, पण या विषयावर आमचं अर्धा तास बोलणं चालतं. आमची ही कडे तोंड फिरवून म्हणते, "चालू झालं यांचं."

घरच्यांना हा प्रकार ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. २०१७ साली प्रो कबड्डीचे संघ आठाचे बारा झाले, त्या वर्षी आम्ही घरातल्या घरात एक लीग काढली. सहा घरं, प्रत्येकाने खऱ्या खेळाडूंमधून आपापले सात निवडायचे. तिकडे मॅटवर त्यांनी गुण मिळवले की इकडे आपल्या वहीत जमा. सातांत निदान तीन बचावपटू हवेतच, हा माझा आग्रह. सगळ्यांत शेवटी येणाऱ्याने गणपतीला जमल्यावर सगळ्यांना वडे खिलवायचे. पैशाचा संबंध नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन फँटसी स्पर्धा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने बंद पडल्या, तेव्हा सुनेने हसत विचारलं, "बाबा, तुमच्या वड्यांवर धाड येईल का हो?" अजून तरी आलेली नाही.

तर प्रश्न असा, की बचावपटू पारखायचा कसा? चढाईवाल्याचं सोपं असतं. तो पलीकडे गेला, दोघांना शिवून आला, दोन गुण. सगळ्या मैदानाने पाहिलेलं असतं. बचाव मात्र सात जणांनी मिळून करायचा असतो. सात जणांनी मिळून केलेल्या कामाचा हिशेब एकेकाच्या नावावर मांडायचा, ही गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. मी स्वतः त्यात एकदा मोठी चूक केलेली आहे. ती पुढे सांगतोच.

आधी थोडं लांबून यायला हवं. या फँटसी प्रकाराचं मूळ अमेरिकेत. १९६२ साली ओकलंड रेडर्स या फुटबॉल संघातले एक भागीदार बिल विंकेनबाख आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून याची कल्पना मांडली आणि पुढच्या वर्षी पहिली लीग सुरू केली. (तिकडचा फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन धावायचा, आपला पायाचा नव्हे.) तिथेही गुण मुख्यतः कुणाला, तर टचडाउन करणाऱ्याला, गोल मारणाऱ्याला. अडवणाऱ्यांचं मोल मोजायची सोय पुढे झाली, पण बहुतेक लीगांत ती अशी, की अख्ख्या बचावफळीला मिळून एकच आकडा द्यायचा. जणू अकरा जण मिळून एकच माणूस!

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याची लीग मात्र जरा वेगळी आहे. त्यात बचावातले खेळाडूही एकेक करून निवडायचे असतात. त्याने मला फोनवर 'लाइनबॅकर' ही भानगड समजावून सांगितली. सगळ्यांत पुढे धिप्पाड गड्यांची रांग असते, तिच्या मागे उभे राहतात ते लाइनबॅकर. पुढची रांग फोडून जो चेंडू घेऊन आला, त्याला लोळवायचं काम मुख्यतः यांचं. त्यामुळे पकडींचे आकडे यांच्याच नावावर जास्त.

मी म्हटलं, "मग सोपं आहे. ज्याच्या पकडी जास्त, तो चांगला."

"नाही हो मामा," तो म्हणाला. "आधी बघायचं, तो मैदानावर किती वेळ असतो. काही जण ठराविक वेळेलाच आत येतात. दुसरं म्हणजे, हरणाऱ्या संघाच्या लाइनबॅकरचे आकडे कधीकधी जास्त चांगले असतात."

"ते कसं काय?"

"त्यांचे आक्रमणवाले चेंडू टिकवत नाहीत, मग बचाव सारखा मैदानावर. अडवायच्या संधी जास्त, म्हणून पकडी जास्त."

मास्तरकीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही. ज्या वर्गात मुलं जास्त नापास होतात, तिथल्या मास्तरच्या तपासलेल्या वह्याही जास्तच असतात!

त्याने आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या माझ्या मनात राहिल्या. तिकडे चेंडू फेकणाऱ्याला मागेच गाठून पाडलं की त्याला 'सॅक' म्हणतात. हा बचावातला सगळ्यांत मोठा पराक्रम. पण कुणी किती सॅक केले याची खेळाडूवार अधिकृत नोंद १९८२ पासूनची आहे. त्यांची ती लीग १९२० सालची. म्हणजे साठ वर्षं थोर थोर खेळाडूंनी हा पराक्रम केला आणि तो कुणाच्याही नावावर अधिकृतपणे लागला नाही. दुसरी गोष्ट अशी, की साध्या पकडी तर आजही अधिकृत आकड्यांत धरत नाहीत. त्या त्या मैदानावरचे नोंद करणारे लोक बघून लिहितात. एकट्याने पाडलं की 'सोलो', दोघांनी मिळून पाडलं की 'असिस्ट'. आता कुठल्या मैदानावरचा लिहिणारा सढळ हाताचा असतो, कुठला कवडीचुंबक. भाचा म्हणाला, "आम्ही खेळाडू तर बघतोच, पण लिहिणारा कोण तेही बघतो."

हे वाक्य मला लागलं. कारण मीही एके काळी लिहिणारा होतो.

आता आपल्या कबड्डीकडे येतो. हुतुतू आपल्याकडे पूर्वापार. संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार खेळत. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला बसलेला गडी उठतो. गामिनीत बाद झाला तो झाला, सगळा संघ संपेपर्यंत बसूनच राहायचं. अमरमध्ये बाद झाला तरी गडी बाहेर जात नाही, नुसता गुण मोजायचा. आजची कबड्डी संजीवनीच्या वाटेची. महाराष्ट्रातल्या मंडळींनी नियम बांधायला सुरुवात केली आणि १९२३ साली बडोद्याला छापील नियमांनुसार अखिल भारतीय स्पर्धा झाल्या. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे कबड्डी खेळून दाखवली. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ झाला. बुवा साळवींसारख्या माणसांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. त्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस आपण महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतो. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत खेळ आला आणि तिथून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदकं भारताने आणली.

या सगळ्या काळात गुण कुणाचा होता? संघाचा. मी ज्या गुणपत्रकावर वर्षानुवर्षं काम केलं, त्यात संघाच्या नावाखाली आकड्यांची ओळ असायची. गुण मिळाला की एक आकडा खोडायचा, लोण चढला की त्याच्या दोन गुणांची खूण वेगळी. पकड कुणी केली हे लिहायला त्यात जागाच नव्हती. त्यात एक मोठेपणाही होता, नाही असं नाही. सात जणांनी मिळवलेला गुण सातांचा.

२०१४ च्या जुलैत मुंबईत प्रो कबड्डी सुरू झाली आणि हे बदललं. दूरदर्शनवर प्रत्येक गड्यापुढे आकडे येऊ लागले. चढाईवाल्याने एका सामन्यात दहा गुण केले की 'सुपर टेन', बचावपटूने पाच केले की 'हाय फाइव्ह'. म्हणजे बचावाचे पाच हे चढाईच्या दहांच्या तोडीचे, हे खेळ चालवणाऱ्यांनीच मान्य केलं. मोसमाचे आकडे बघा. परदीप नरवालने २०१७ मध्ये एका मोसमात चढाईचे ३६९ गुण केले. पकडींचे १०० गुण एका मोसमात पहिल्यांदा कुणी केले, तर उजव्या कोपऱ्यातल्या नितेश कुमारने, २०१८ मध्ये. कुणी नुसते आकडे बघितले तर म्हणेल, ३६९ कुठे आणि १०० कुठे! पण लिलावात एक कोटीचा आकडा सर्वांत आधी गाठला तो एका बचावपटूनेच. इराणचा फझल अत्राचली, डावा कोपरा, २०१८ साली, यू मुंबासाठी. त्याच वर्षी जकार्ताला आशियाई स्पर्धेच्या उपांत्य फेरीत इराणने आपल्याला २७-१८ असं हरवलं आणि सात सुवर्णांची माळ तुटली. आपल्या संघात तेव्हा चढाईवाल्यांची कमी नव्हती. महाराष्ट्राचा गिरीश इर्नाकही होता. पण आपले नामांकित चढाईवाले इराणच्या पकडीत सापडत गेले. त्या संध्याकाळी आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. मी मात्र मनात म्हटलं, बचाव म्हणजे काय ते आता सगळ्यांना कळलं असेल.

इतक्या वर्षांत नातवाला मी पारख शिकवली ती अशी. पहिलं, गडी पहिल्या सातांत असतो का आणि मॅटवर टिकतो का. बचावपटू बाद झाला की आपल्या संघाला गडी मिळेपर्यंत तो बाहेर बसतो आणि बाहेर बसलेल्याला पकड करता येत नाही. दुसरं, किती वेळा झेप घेतली आणि त्यातल्या किती साधल्या. फसलेली पकड फुकट जात नाही, समोरच्याला गुण देऊन जाते. साखळीतले तिघे अंगावर गेले आणि तो रेषेला हात लावून निसटला, तर तिघेही बाद. उतावळा गडी टाळ्या मिळवतो आणि सामना घालवतो. तिसरं, जागा. बोनस घ्यायला, शेवटच्या गड्याला शिवायला चढाईवाला कोपऱ्याकडे पाय टाकतो, म्हणून घोटा आणि मांडी धरायची संधी कोपऱ्याला जास्त. चौथं, तिसरी चढाई. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर बाद. तेव्हा समोरच्याला खोल यावंच लागतं. संयमाने वाट बघणारा बचावपटू त्या वेळी कमाई करतो. पाचवं तेच, भाच्याने सांगितलेलं. मॅटवर तीन किंवा कमी गडी उरले असताना पकड झाली तर ती 'अव्वल पकड', तिचे दोन गुण. आता गडी कमी कुणाचे उरतात? ज्यांच्या चढाया फसतात त्यांचे. म्हणून पडत्या संघातला चांगला कोपरा आपल्या वहीत कधीकधी विजेत्या संघातल्यापेक्षा जास्त कमावतो. न्यू जर्सीचा नियम दहिवलीत जसाच्या तसा लागू पडला, याचं मला फार नवल वाटलं.

पण एक गोष्ट या पाचांत बसत नाही. पकडीचा गुण एकाच्या नावावर लागतो. ज्याने चढाईवाल्याची वाट अडवली, त्याला कोपऱ्याकडे वळायला लावलं, पाठीमागून रेटून धरलं, त्याचं काय?

इथे मला आमच्या कर्जत स्टेशनची आठवण होते. दहिवलीतून उल्हास नदीचा पूल ओलांडला की स्टेशन. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना इथे मागून इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात. पुढे बोरघाट, सदतीस फुटांना एक फूट चढ. एकटं पुढचं इंजिन गाडी वर नेऊ शकत नाही. गाडी सुटली की लोक पुढच्या इंजिनाकडे बघतात, वडे खातात आणि घाट बघायला दारात उभे राहतात. लोणावळ्याला बँकर निघतात, ते कुणाच्या लक्षातही येत नाही. कर्जतची माणसं आम्ही. निदान आम्हाला तरी हे कळायला हवं होतं.

आता माझी चूक सांगतो.

साल १९७८. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं, रायगड व्हायचं होतं. मी मराठीत बी. ए. झालेला, शिकवायचो मराठी आणि इतिहास, पण तरुण म्हणून कबड्डीचा संघ माझ्या गळ्यात पडला. शाळेमागच्या मैदानावर आम्ही फक्कीने रेषा आखायचो. त्या वर्षीचा संघ फार चांगला जमला होता. डाव्या कोपऱ्यात एक आडदांड मुलगा होता, घोटा धरला की सोडायचा नाही. आणि मधल्या फळीत, ज्याला आता कव्हर म्हणतात, तिथे एक शेलाटा, अबोल मुलगा. हा चढाईवाल्याच्या अंगावर कधी धावायचा नाही. दोन पावलं पुढे यायचा, एक मागे जायचा. चढाईवाल्याला वाटायचं इकडून वाट नाही, आणि तो कोपऱ्याकडे वळायचा. तिथे दुसरा टपलेला. पकड झाली की हाच पहिला धावून कंबर धरायचा. ओरडा मात्र कोपऱ्याच्या नावाचा.

हे मला दिसत होतं. मी रोज बघत होतो.

पुढच्या निवडीसाठी दोन मुलांची नावं द्यायची होती आणि सोबत त्यांची कामगिरी. गुणपत्रकात खेळाडूंची नोंद नसायची, म्हणून मी हौसेने स्वतःची वही केली होती. पकड झाली की ज्याने आधी धरलं त्याच्या नावापुढे एक रेघ. पाच सामने झाले. कोपऱ्यापुढे चौदा रेघा, मधल्यापुढे दोन. चढाईवाल्या एका मुलापुढे तर रेघांची रांगच. मी कोपऱ्याचं आणि चढाईवाल्याचं नाव पाठवलं. वहीत तसंच होतं ना!

यादी लागली त्या दिवशी तो अबोल मुलगा वर्गाबाहेर थांबला होता. म्हणाला, "सर, माझ्या नावापुढे दोनच रेघा आहेत?"

मी म्हटलं, "ज्याने धरलं त्याची रेघ. नियम सगळ्यांना सारखा."

तो "बरं" म्हणाला आणि गेला. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या स्पर्धेला मी गेलो होतो. आमचा कोपरा तिथे अनोळखी मुलांत उभा राहिला. शेजारचे आपल्या मनाने खेळत होते. चढाईवाले त्याच्याकडे वळेचनात, वळले तर पूर्ण वेगात. दोन सामन्यांत त्याच्या हाताला एकही घोटा लागला नाही. रडकुंडीला येऊन मला म्हणाला, "सर, तो पाहिजे होता." त्याला कळलं होतं. मला बी. ए. होऊन कळलं नव्हतं. खरं म्हणजे कळलं होतं, पण रेघेच्या बाहेर जाऊन लिहायचं धैर्य नव्हतं. मी नियमाचं नाव पुढे केलं, आणि तो नियम तर मीच केला होता.

मधल्या मुलाने दहावीनंतर शाळा सोडली. भातशेती, मग थोडा विटांचा धंदा. कबड्डी पुढे खेळला असता का, मोठा झाला असता का, हे कुणी सांगू शकत नाही. मी काही त्याचं आयुष्य बिघडवलं असं म्हणत नाही, तेवढा मोठा मी नव्हे. पण जी गोष्ट खरी होती ती लिहायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ती लिहिली नाही. इतिहास शिकवणाऱ्या मास्तराकडून हे घडावं! वर्गात पोरांना सांगायचो, की बखरीत ज्याचं नाव आलं त्यानेच लढाई केली असं समजू नका.

आमची लीग सुरू झाल्यावर पहिल्याच मोसमात मी एक नियम घालून घेतला. पकडीचा पूर्ण गुण टीव्हीवर ज्याच्या नावाने दाखवतील त्याला, पण ज्याने वाट अडवली किंवा पहिला आधार दिला त्याला आपल्या वहीत अर्धा. तो टीव्हीवर लिहून येत नाही, सामना बघून आपणच ठरवायचा. नातू कुरकुरला, "आजोबा, यात भांडणं होतील." होतात. मागच्या मोसमात एका अर्ध्या गुणावरून मुंबई आणि पुणे दोन दिवस बोलत नव्हते. पण एक फरक पडला. पोरं आता चढाईवाल्याच्या पायाकडे बघत नाहीत, तो कुणामुळे वळला तिकडे बघतात. तीच पकड तीन-तीनदा मागे नेऊन बघतात. गेल्या वर्षी बारा वर्षांच्या नातीने मला सांगितलं, "आजोबा, हा कव्हरवाला काहीच करत नाही असं वाटतं ना, पण तो नसला की कोपरा पडतो." मी तिला जवळ घेतलं. तिला कारण कळलं नाही.

दिवाळीत तो आला होता, माझा शेलाटा विद्यार्थी. आता साठी ओलांडलेला, शेलाटा राहिलेला नाही. दरवर्षी फराळाला येतो, घरचे पोहे आणतो. ती १९७८ ची वही माझ्याकडे नाही, घर बदलताना गेली. मी त्याला लीगची वही दाखवली. डावीकडे पकडी, उजवीकडे 'आधार' नावाचा रकाना. तो का केला तेही सांगितलं. इतक्या वर्षांत आमच्यात हा विषय निघाला नव्हता.

त्याने चष्मा लावून रकान्यावरून बोट फिरवलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अर्धाच होय, सर?"

आणि हसला. मीही हसलो. पण रात्री झोप लागेना. त्याचं म्हणणं बरोबर आहे की काय, याचा विचार करतो आहे. पुढच्या मोसमाच्या आत घरातल्या सगळ्यांची बैठक घ्यायला हवी. अर्ध्याचा पाऊण करावा, की पूर्णच द्यावा? सगळ्यांनी आपापलं मत कळवावं. वडे माझ्याकडून.